एका पेटीत किती विंचू?

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने गेल्या वर्षी एम्परर जातीचा एक मोठा काळा विंचू पाळायला आणला. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ही जात समूहाने राहणारी आहे आणि एकटा विंचू कंटाळतो. त्यामुळे मुलाला त्याच पेटीत आणखी दोन विंचू ठेवायचे आहेत, त्यांपैकी एक अमेरिकेच्या वाळवंटातील पिवळसर जातीचा. हे योग्य ठरेल का?
– एक वाचिका, लेस्टर (इंग्लंड)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बहुतेक विंचू जन्मभर एकलकोंडे राहतात आणि आवाक्यातला स्वजातीयही त्यांना भक्ष्यच वाटतो. कॅलिफोर्नियातील वाळूच्या टेकड्यांवरील विंचवांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे गॅरी पोलिस यांनी दाखवून दिले होते, की तेथील मोठे विंचू आपल्याच जातीच्या लहानांना नेहमीच खातात आणि समागमाच्या काळात माद्या नरांनाही सोडत नाहीत. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या पश्चिम आफ्रिकी देशांत आढळणारा, सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा एम्परर विंचू मात्र या नियमाला बराचसा अपवाद आहे. तो दमट जंगलातील बिळांत आणि वारुळांच्या आसपास राहतो आणि एकाच आसऱ्याला अनेक विंचू सापडू शकतात. परंतु हा शेजार प्रामुख्याने आई आणि तिची पिल्ले यांचा, किंवा एकत्र वाढलेल्या भावंडांचा असतो. पिल्ले पाठीवरून उतरल्यानंतरही काही काळ आईजवळ राहतात आणि तिने मारलेल्या भक्ष्यावर त्यांचेही पोट भरते. दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले प्रौढ विंचू हे असे कुटुंब नव्हे.

राहिला प्रश्न कंटाळ्याचा. विंचवाची चयापचयक्रिया इतकी संथ असते की तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो, आणि आयुष्यातील बहुतेक वेळ तो बिळात निश्चल बसून काढतो. अशा प्राण्याला सोबतीवाचून करमत नाही, या समजुतीला कोणताही आधार नाही. एका विंचवाऐवजी तीन विकले गेले तर कोणाचे भले होते, हे वेगळे सांगायला नको.

वाळवंटी जातीचा विचार मुलाने पूर्णपणे सोडून द्यावा. एम्पररला सुमारे ७५ ते ८० टक्के आर्द्रता आणि ओलसर माती हवी असते, तर ॲरिझोनाच्या वाळवंटातील केसाळ विंचवाला कोरडी जमीन लागते. एकाच पेटीत दोघांचीही गरज भागवणे शक्य नाही, आणि हवामानाची अडचण नसती तरी दोन जातींचा सहवास बहुधा एकाच्या मृत्यूनेच संपतो.

एकाच जातीचे विंचू ठेवायचे झाले, तरी त्यांचे वय आणि आकार पाहावा लागतो. विंचू वाढत असताना अनेकदा कात टाकतो. त्या वेळी जुने कवच फाडून बाहेर पडायला त्याला काही तास लागतात आणि पुढचे काही दिवस त्याचे नवे कवच मऊ असते. या काळात त्याला धड चिमटा उगारता येत नाही आणि नांगीचाही फारसा उपयोग होत नाही. पेटीतील विंचू ‘अचानक नाहीसा’ झाल्याच्या ज्या तक्रारी असतात, त्यांतील बऱ्याच प्रसंगी त्याने कात टाकल्यावर सोबत्याने त्याला खाल्लेले असते. खायला घातलेला रातकिडासुद्धा पेटीत उरला, तर तो कात टाकणाऱ्या विंचवाला कुरतडू शकतो. पूर्ण वाढ झाल्यावर विंचू कात टाकत नाही, म्हणून सारख्या आकाराचे दोन प्रौढ एम्परर एकत्र ठेवणे हे एक प्रौढ आणि एक अर्धवट वाढलेला ठेवण्यापेक्षा पुष्कळच कमी धोक्याचे असते. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते, पण नुकतीच कात टाकलेल्या विंचवाचे मऊ कवच तसे चमकत नाही. त्यामुळे रात्री अतिनील टॉर्च क्षणभर मारून प्रत्येक विंचू कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहता येते. तो प्रकाश विंचवांना मानवत नाही, म्हणून पेटीत कायमचा दिवा बसवू नये.

नर-मादी एकत्र असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विंचू अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. एम्परर मादीचा गर्भकाळ सात ते नऊ महिन्यांचा, कधीकधी त्याहूनही अधिक असतो. पांढुरकी पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात, आणि ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीतील चित्र त्या दिवसांत अक्षरशः पाहायला मिळते. ही पिल्ले आईलाच खातात, असे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते, परंतु ते खरे नाही. उलट, पेटी हलवल्याने, शेजारी दुसरा विंचू फिरत असल्याने किंवा वारंवार झाकण उघडल्याने बिथरलेली आईच आपली पिल्ले खाऊन टाकते. मादी गाभण असल्याचा संशय आला, की इतरांना दुसऱ्या पेटीत हलवावे.

एवढे सांगूनही मुलगा ऐकणार नसेल, तर दोनच एम्परर ठेवावेत. तेही शक्यतो एकाच वेतातील किंवा निदान सारख्या आकाराचे असावेत. पेटी उंच असण्यापेक्षा तळाशी ऐसपैस असावी, सुमारे ६० बाय ४५ सेंटिमीटरची. तीत दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचा ओलसर कोकोपीटचा थर द्यावा आणि विंचवांच्या संख्येपेक्षा लपायच्या जागा अधिक ठेवाव्यात, कारण भांडणे बहुधा जागेवरून होतात. हीट मॅट (ऊब देणारी विजेची पातळ चटई) पेटीखाली न ठेवता बाजूच्या भिंतीला लावावी आणि तिला थर्मोस्टॅट जोडावा. उष्णता टाळण्यासाठी विंचू खाली खणत जातो, आणि तळच तापलेला असेल तर तो भाजून निघतो. खाद्य पेटीच्या दोन टोकांना वेगवेगळे द्यावे. एवढी दक्षता घेऊनही एखाद्या सकाळी एकच विंचू उरलेला दिसू शकतो. तेव्हा माझे मत विचाराल, तर दोन विंचवांसाठी दोन लहान पेट्या घ्याव्यात. खर्च थोडाच वाढतो.

कायद्याच्या दृष्टीने एम्परर पाळण्यास ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो तो ब्यूथिडी कुळातील विषारी विंचवांसाठी. मात्र एम्परर हा वन्यजीव व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशा जातींच्या यादीत आहे, म्हणून पावती आणि विंचू बंदिवासात जन्मल्याचा पुरावा जपून ठेवावा.

प्रश्न : आमच्या अंगणातील लाकडांच्या ढिगाखाली एक काळी इंगळी आणि दोन लहान लालसर विंचू सापडले. भाच्याने तिन्ही एका काचेच्या बरणीत ठेवले असून त्याला ते पाळायचे आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बरणी आजच रिकामी करावी. कोकणातील लाल विंचू आकाराने लहान असला, तरी त्याचे विष हृदयावर आणि फुप्फुसांवर आघात करते, आणि त्यात लहान मुलांचा जीव विशेष धोक्यात येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करण्यापूर्वी विंचूदंशाने कोकणात फार माणसे दगावत असत. त्या कार्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार उपलब्ध आहे, म्हणून हा विंचू घरात बाळगावा असे मात्र नाही. शिवाय अरुंद बरणीत कोंडलेले हे तिघे एकमेकांना जगू देण्याची शक्यता कमीच आहे. बरणीत हात न घालता ती घरापासून दूर, दगडगोट्यांच्या जागी नेऊन आडवी करावी आणि लांब काठीने झाकण दूर सारावे. लाकडे हलवताना जाड हातमोजे आणि बूट घालावेत. कोणाला दंश झालाच आणि दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडू लागले, तर मंत्र किंवा झाडपाल्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.