वाचकांचे प्रश्न: टपाचं अस्तर लोंबतंय

प्रश्न: गाडी १२ वर्षांची आहे. मागे बसणाऱ्याच्या डोक्याला टपाचं कापड टेकतं. स्प्रे ग्लू मारून दाबून बसवलं, पण आठवड्यात पुन्हा सुटलं, वर पिवळट डाग पडले. यापेक्षा चांगला ग्लू कोणता घ्यावा?

उत्तर: दोष ग्लूचा नाही, म्हणून ग्लू बदलून काही साधणार नाही. कापड सुटलंय तिथे आतून बोट फिरवा. पिवळी-तपकिरी भुकटी बोटाला लागेल. तो फोम आहे. टपाचं कापड एकेरी नसतं. पातळ विणलेल्या कापडाला मागून साधारण ३ मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम जोडलेला असतो आणि ही फोमची बाजू साच्यातून काढलेल्या बोर्डावर चिकटवलेली असते. टपाखाली कोंडणारी उष्णता आणि हवेतला ओलावा वर्षानुवर्षं या फोमला कुजवतात. बोर्डावरचा ग्लू बहुधा शाबूत असतो, कापडही शाबूत असतं, मधला थर मात्र पीठ झालेला असतो. नवा ग्लू त्या पिठाला धरतो आणि पीठ काही बोर्डाला धरून नसतं. सुईने आत ग्लू सोडण्याचा उपायही याच कारणाने फसतो, शिवाय ग्लू कापडातून पाझरून डाग उमटतो, तो निघत नाही.

जुनं कापड धुऊन पुन्हा लावायचा विचारही सोडा. फोमशिवायच्या कापडातून बोर्डाचा प्रत्येक खडबडीतपणा दिसतो. दुरुस्ती होईपर्यंत वळणाच्या (स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या) पिना टोचून कापड वर धरता येईल, पण ती फक्त तात्पुरती सोय. कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर कडेच्या पट्ट्यात पिना नकोतच.

प्रश्न: बोर्ड गाडीतच ठेवून नवं कापड लावता येईल का?

उत्तर: नाही. डोक्यावर हात करून ग्लू एकसारखा बसत नाही, आणि कडा मागे दुमडायला जागाच मिळत नाही. बोर्ड काढावाच लागतो.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचं. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. यंत्रणेत साठलेला विद्युतभार उतरायला तो लागतो. मग सनव्हायझर, हँडल, आतला दिवा आणि कपडे अडकवायचे हुक काढा. हँडलचे स्क्रू बहुधा छोट्या झाकणाखाली असतात. दारांच्या चौकटीवरचं रबर फक्त वरच्या भागात ओढून घ्या. पिलरच्या ट्रिम, म्हणजे काचांमधल्या खांबांवरची आवरणं, क्लिपांवर असतात, त्या प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपेजवळच उचला. स्क्रूड्रायव्हर घातला की क्लिप तुटते नाहीतर रंग खरवडतो. उघड्या पडलेल्या एअरबॅगच्या पिशव्यांना, वायरींना आणि जोडण्यांना हात लावू नका.

बोर्ड खाली येताना दोन माणसं हवीत. पुढच्या सीटा पूर्ण मागे पाडा, बोर्ड तिरका करा आणि मागच्या मोठ्या दारातून काढा. मागे दार नसेल तर पुढच्या उजव्या किंवा डाव्या दारातून, जिथून वाट मोठी असेल तिथून. बोर्ड वाकवला की मधोमध चीर पडते आणि ती नव्या कापडातून रेघेसारखी दिसते. चीर पडलीच तर मागच्या बाजूने काचतंतूचं (फायबरग्लासचं) कापड इपॉक्सीने चिकटवा. पॉलिस्टर रेझिन वापरू नका. काही फोमच्या बोर्डांना ते विरघळवतं.

प्रश्न: बोर्ड बाहेर काढला. तो किती साफ करावा? कापड किती घ्यावं?

उत्तर: अख्ख्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कापड ओढून काढल्यावर बोर्डावर राहिलेला सगळा फोम मऊ नायलॉनच्या ब्रशने घासून काढा, मग व्हॅक्यूमने शोषा. तळहात फिरवल्यावर हाताला भुकटी लागत असेल तर काम अपुरं आहे. तारेचा ब्रश बोर्डाचा पृष्ठभाग उचकटतो. पाण्याने धुऊ नका. दाबलेल्या तंतूंचा बोर्ड फुगतो. बोर्ड काचतंतूचा असेल तर पूर्ण बाह्या, हातमोजे आणि धूळ अडवणारा मास्क हवाच.

कापड मागताना 'फोम लावलेलं टपाचं कापड' असंच मागा. सोफ्याचं कापड जड असतं आणि खळग्यांत वळत नाही. गाडीसाठी बनवलेल्या कापडाची आय.एस.ओ. ३७९५ सारखी ज्वलनचाचणी झालेली आहे का, ते विचारा. डोक्यावर राहणाऱ्या वस्तूबाबत ही चौकशी केलीच पाहिजे. बोर्डाची लांबी-रुंदी सर्वांत खोल वळणातून टेप फिरवून मोजा आणि प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटर वाढवा. साधारण दीड मीटर रुंदीच्या कापडातून छोट्या गाडीला २ मीटर सहसा पुरतं. सनरूफची सरकती फळी असेल तर तिचं कापडही त्याच दिशेने कापा, नाहीतर तोच रंग वेगळा दिसतो.

प्रश्न: नवं कापड लावलं, पण मध्ये फुगे आले आणि दिव्याजवळचा खळगा दोन दिवसांत सुटला. कुठे चुकलं?

उत्तर: फुगे बहुधा घाईमुळे येतात. ग्लूमधलं द्रावण उडून जायच्या आत कापड दाबलं की वाफ आत अडकते. ग्लू उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट प्रकारचा (दोन्ही बाजूंना लावून मग जोडायचा), किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंतचा घ्या. साधा कागद चिकटवायचा स्प्रे उन्हात मऊ पडतो. बोर्डावर दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, कारण पहिला बराचसा बोर्डातच मुरतो. फोमवर हलका पण सगळीकडे सारखा हात. मग डब्यावर लिहिल्याइतका वेळ, बहुधा ५ ते १० मिनिटं, थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटावं पण बोटाला ग्लूचा तार येऊ नये, अशी अवस्था हवी. हे सगळं मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर.

खळगा सुटण्याचं कारण वेगळं आहे. सपाट भाग आधी चिकटवून कापड खळग्यावरून ताणलं, की ते सरळ व्हायला बघतं आणि खळग्यातून वर उचललं जातं. त्यामुळे कापड अर्धं दुमडून मधल्या रेषेपासून सुरुवात करा आणि खळगा आला की त्याच्या तळाशी आधी कापड टेकवा, मग बाजूंनी वर चढा. थोडं थोडं, एका वेळी वीतभर. दाबायला तळहात वापरा. बोटांनी दाबलं तर फोम ग्लूमध्ये रुततो आणि ते खड्डे कायमचे राहतात.

सुटलेल्या खळग्यासाठी पूर्ण कापड काढायची गरज नाही. दिव्याच्या भोकाकडून कापड हळूच उचला, दोन्ही बाजूंना ग्लू लावून पुन्हा थांबा आणि खळग्याच्या तळापासून बसवा. पहिल्या वेळी फोम फाटला असेल तर मात्र तो तुकडा धरणार नाही. दिव्याचं भोक कापताना गोल कापू नका. फुलीसारखी चीर द्या आणि चार पाकळ्या मागे चिकटवा. बाहेरच्या कडा ३-४ सेंटिमीटर मागे दुमडा. जिथे दाराच्या रबराखाली जाड घडी बसत नाही, तिथे कमी ठेवा. बोर्ड परत चढवण्याआधी २४ तास सुकू द्या.

प्रश्न: फक्त काचेजवळचा भाग लोंबतोय आणि तिथे तपकिरी वर्तुळं आहेत.

उत्तर: ती पाण्याची खूण. आधी गळती शोधा: पुढच्या काचेचं सील, टपावरच्या अँटेनाचं बूड, सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या. नळीच्या तोंडाशी थोडं पाणी ओता. ते गाडीखाली पडलं पाहिजे. तुंबलेल्या नळीत जोराची हवा मारू नका, आतला जोड निखळतो. पातळ नायलॉनची दोरी सरकवा. गळती राहिली तर नवं अस्तरही त्याच जागी सुटेल.