आधी आळंदी, मग बक्षीसपत्र

प्रश्न : मी 61 वर्षांची, बँकेतून निवृत्त. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. एरंडवण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. वधूवर सूचक साइटवर एका गृहस्थांशी ओळख झाली, चार महिने रोज फोन चालू आहे. बायको वारली, मुलगा कॅनडात, असं सांगतात. आता म्हणतात, पंधरा दिवसांत आळंदीला लग्न उरकू, मग फ्लॅटचं बक्षीसपत्र करून द्या, ‘200 रुपयांचं तर काम आहे.’ मुलगी म्हणते, आई, तू भुललीस. खरंच भुललेय का मी?
— एक वाचक, एरंडवणे

उत्तर : ताई, ते मी इथे बसून कसं सांगू? साठीनंतर सोबत हवीशी वाटली यात गैर काही नाही, लेकीलाही हे ऐकवा. पण त्या 200 रुपयांपाशी मी अडखळले. शिवाजीनगर कोर्टात तीस वर्षं वकिली केली. मुद्रांकाचे दर तोंडपाठ असलेला नवरदेव मला जरा जास्तच हुशार वाटतो. राहतं घर नवऱ्याला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, हे खरंच आहे. मात्र ही सवलत नवऱ्याला, नुसत्या ओळखीच्या माणसाला नाही. आधी आळंदी का, आलं ना लक्षात?

मृत्युपत्र उद्या फाडून दुसरं करता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर गेलं. रद्द करायचं तर दिवाणी दावा, आणि फसवणूक सिद्ध करायची तुम्ही. माझ्या एक पक्षकार बाई स्वतःच्याच दाराबाहेर उभ्या राहून शिवणयंत्र तरी द्या म्हणून विनवत होत्या.

तेव्हा त्यांना सांगा, लग्न विशेष विवाह कायद्यानं, नोंदणी कार्यालयात करू. तिथे 30 दिवसांची नोटीस लागते, ती सगळ्यांना दिसेल अशी लावतात, कुणालाही कायदेशीर हरकत घेता येते. विधुराला बायकोच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. तो आधी तुम्ही हातात घेऊन वाचा, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते आत गेले म्हणून फ्लॅट काही परत येत नाही.

मुदत ठेवींचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मोडून पैसे ऑनलाइन पाठवले असतील आणि शंका येत असेल, तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लेक रागावली असली तरी तिला शेजारी बसवून.

30 दिवस थांबायला ते तयार झाले, दाखलाही खरा निघाला, तर पत्रिका पाठवा. मी येईन.