मोठे ब्रेक, की आधी ब्रेक ऑइल?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकचं इंजिन रिमॅप केलंय (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीय). आंबेनळी घाट उतरताना ब्रेक सुटल्यासारखे वाटतात. पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि मोठ्या डिस्क बसवू का?

उत्तर : इतक्यात नको. पेडल स्पंजासारखं खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. पेडल कडक, पण गाडी रेटत पुढेच जातेय, तर पॅड तापलेत. ऑइल ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनांक नवं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर १५५. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर डॉट ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. डॉट ५ चुकूनही नको; ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही.

पॅड जास्त तापमानाचे, पण रस्त्यासाठीचेच घ्या. रेसचे पॅड थंड असताना धड पकडत नाहीत. बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावा, पण पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटतो, पेडल थरथरतं, आणि गॅरेजवाला ‘डिस्क वाकली’ म्हणून नवी गळ्यात मारतो.

करकचून ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतात. तिथे मोठे कॅलिपर काही करणार नाहीत. ते उष्णता झेलतात, म्हणून ट्रॅकवर नेहमी जाणाऱ्यालाच परवडतात. शिवाय पुढच्या पिस्टनांचं क्षेत्रफळ वाढलं की पेडल खोल जातं, मागचे ब्रेक कमी काम करतात, आणि १५ इंची रिममध्ये किट बहुधा मावतच नाही.

घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरता ना?