गायींच्या गोठ्यात खाली अंथरायला गव्हाच्या काडाऐवजी दुसरं काय वापरता येईल?

लाकडाचा भुसा सोडून काहीही. तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी "वखारीतून भुसा आणा, स्वस्तात मस्त" असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आमचा गोठा फलटण तालुक्यात, चौदा एचएफ (होल्स्टीन) गायी. 2019 च्या श्रावणात काड संपलं होतं आणि जे मिळत होतं ते भिजलेलं. जवळच्या वखारीतून ट्रॉलीभर भुसा बाराशेला उचलला. वखारवाला म्हणाला, एकदम कोरडा आहे. वरून होताही. खाली हात घातला असता तर गरम लागला असता, पण हात घातला नाही. ताजी कापलेली निलगिरी आणि बाभूळ, त्यावर गळक्या पत्र्याचं पाणी. चार बोटं जाड थर टाकला. गोठा असा दिसत होता की घरच्यांना बोलावून दाखवला.

नवव्या दिवशी चंद्रीच्या दोन सडांतून दुधाऐवजी पिवळं पाणी आणि गुठळ्या. ताप 105. दुसऱ्या दिवशी अजून एक, आठवड्यात तिसरी. डॉक्टरांनी नेहमीची औषधं दिली, कास दगडासारखीच. मग त्यांनी दुधाचा नमुना तपासायला पाठवला आणि रिपोर्टवर नाव आलं क्लेबसिएला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खाली काय टाकलंय?" ओला, ताजा भुसा म्हणजे या जिवाणूचं माहेर. त्यात भुसा बारीक, तो सडाच्या तोंडाला चिकटून राहतो. धार काढल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, आणि आमच्या गायी तर मऊ लागतंय म्हणून धार झाली की लगेच बसायच्या. चंद्रीचे दोन सड कायमचे गेले. ती अजून आहे दावणीला, दोन सडांवर.

यात आमचे थोरले चुलतभाऊ, दादा, यांचं म्हणणं असं की भुसा निमित्त, धार काढणाऱ्याचे हात घाण. हे ते गेली सहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाराव्याला सांगतात. त्यांनी त्याच वर्षी गोठाभर रबरी मॅट टाकल्या होत्या. "एकदा खर्च, मग झाडू मारला की झालं." दादा, हात तेच होते, औषधात सड बुडवायची पद्धत तीच होती, फक्त भुसा नवा होता. आणि मॅटचं म्हणाल तर तुमच्या गायींच्या मागच्या ढोपरांवरचे केस गेलेत, बोराएवढ्या गाठी आल्यात. मॅट मूत पीत नाही, ते वरच राहतं आणि गाय त्यातच बसते. दिवसाचे बारा-बारा तास बसणारं जनावर आहे ते.

बरं, तुमचा प्रश्न. मी आता उसाचं पाचट वापरतो. तोडणी झाल्यावर लोक ज्याला काडी लावतात, तेच. पण अख्खं टाकू नका. पात्याची कड कापते, कूस टोचते आणि अख्खं पातं ओल धरत नाही. कुट्टीतून बोटाएवढं काढा, चांगलं वाळू द्या, मग टाका. शेणाबरोबर ते कुजून खत होतं, तो वेगळा फायदा. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर पुढचं पीक ठेवणार असाल तर सगळं उचलू नका, सरीत राहू द्या.

उसाचा चोथा? कारखाने तो आता वीज करायला जाळतात, आपल्या हाती लागत नाही. लागला तरी ओला आणि गोड असतो, दोन दिवसांत आंबतो, माश्या घोंगावतात. भाताचं तूस कोरडं राहतं, पण पाणी शोषत नाही, मूत खाली जाऊन साचतं. भुईमुगाची टरफलं दमट असतील तर बुरशी धरतात, आणि गायी ती चघळतात. पोल्ट्रीतलं वापरलेलं तूस फुकट मिळतं म्हणून आणू नका. त्यात कधी मेलेली पिल्लं असतात, ती कुजून तयार होणाऱ्या विषानं जनावरं लुळी पडून मरतात. वाळू खरं तर सगळ्यात चांगली, जिवाणूला खायलाच काही नाही तिच्यात. पण आज नदीची वाळू घराला परवडत नाही, गायीखाली कोण टाकणार? शिवाय घरी गोबर गॅस असेल तर ती टाकीच्या तळाला बसते.

सोयाबीनचं भुसकट आणि सरमाड मोजलंच नाही. ती वैरण आहे. गायीच्या तोंडातला घास तिच्याखाली टाकायचा नसतो.

काहीही टाका, आधी स्वतः त्यावर दहा सेकंद गुडघे टेकून बसा. पायजमा ओला झाला तर गायीची कासही ओली. चुना टाकायचा सल्ला मिळेल. टाका, पण त्याचा जोर एक-दोन दिवसांचा.

आता राहिलेलं. आमचा भाग कमी पावसाचा, त्यामुळे आम्हाला मुरुमाचा मोकळा गोठा आणि पाचट चालतं. मावळात, कोकणात हे जसंच्या तसं करू नका, तिथं पाचटही सहज मिळणार नाही आणि मुरुमाचा चिखल होईल. भाताचा पेंढाच बरा. भुशाबद्दल थोडं जास्त बोललो असेन. भट्टीत वाळवलेल्या लाकडाचा, पूर्ण कोरडा भुसा वापरणारे लोक आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. मी मात्र गोठ्यात येऊ देत नाही. आणि मॅट घेतलेल्या असतील तर काढून फेकू नका, वर दोन बोटं कोरडं काहीतरी पसरा, ढोपरं वाचतील.

गेल्या महिन्यात दादांनी आमच्या फडातून दोन ट्रॉली पाचट नेलं. कशाला हवंय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवा त्यांच्या गोठ्यावरून गेलो तर मॅट दिसत नव्हत्या.