वर्ल्ड कपशी तुलना? आधी उतार शिक

माउंटन बाइकिंग (डोंगरवाटांवरची सायकलिंग) सुरू करून पहिल्याच महिन्यात ‘आपली पोरं वर्ल्ड कपला कुठे बसतील?’ विचारतोयस, आवडलं! खरं सांगू, चढावर आपण दम काढतो. मार खातो तो उतारावर, वळणांवर. तिकडची, युरोपातली मुलं लहानपणापासून दगड-मुळांवर खेळतात, आपण मुंबईच्या आरे कॉलनीतले खड्डे चुकवत शिकतो.

म्हणून आत्ता एवढंच कर:
- नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे.
- टायर दगडासारखा टणक भरू नकोस. ही सगळ्यांची पहिली चूक (माझीही).
- कार्बन फ्रेमचा (हलक्या, महागड्या सांगाड्याचा) विचार वर्षभर विसर.

आणि पंक्चर काढायला शिक. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक पंक्चर होऊनही सुवर्ण जिंकला, पण त्याला चाक बदलून द्यायला माणूस होता. आपल्याला आरेत कोण बदलून देणार?