बोटीवर चहा कोण नेणार?

“मॅडम, आम्ही दोघंच जायचं म्हणतोय, मुलांना आजीकडे ठेवून. त्यांच्या मनावर काही परिणाम तर नाही ना होणार?”

गणपती उठले की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो आणि नवरात्र संपेपर्यंत येत राहतो. गुजरातमधल्या शाळांना दिवाळीची 21 दिवसांची सुट्टी असते, लाभपाचमेपर्यंत बाजार थंड असतो आणि अर्धं बडोदं गावाबाहेर पडतं. पूर्वी अबू किंवा दीव, सगळं कुटुंब, सोबत चिवड्याचे डबे. आता लग्नाचा दहावा-बारावा वाढदिवस आला की क्रूझ. 2021 मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या सफरी सुरू झाल्या, तेव्हापासून त्यासाठी सिंगापूर गाठायची गरज राहिली नाही. बडोद्याहून पाचेक तासांत मुंबई, तिथून बोटीनं गोवा नाहीतर लक्षद्वीप.

प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते. वडील विचारतात ते, “किती रात्री चालतील?” दोघंही मनापासून मुलांचाच विचार करत असतात. मी मात्र उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारते: तुम्ही नसताना मुलांचं कसं होईल हे विचारलंत, मुलं नसताना तुमचं कसं होईल? बरेच जण हसतात. ज्या घराबद्दल आज लिहिते आहे, तिथे कुणी हसलं नाही. (त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती बँकेत, तो रिफायनरीत शिफ्ट ड्युटीवर. दांडिया बाजारातलं जुनं घर, वर गच्ची, घरात सासूबाई. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. लक्षद्वीपच्या सफरीचं बुकिंग झालं, घरात सांगून झालं आणि मुलीचं संध्याकाळी पोट दुखायला लागलं. डबा अर्धा परत यायचा. रात्री उठून ती आई-बाबांच्या खोलीत डोकावून जायची. मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, शरीरात काही सापडलं नाही. मग घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून निदान केलं: पोरीला आईला सोडवत नाही.

“धाकटा खुशीत आहे,” ती म्हणाली. “आजीजवळ झोपायला मिळणार म्हणून दिवस मोजतोय. हिचंच असं. कॅन्सल करू का, मॅडम?”

“मी पहिल्यापासून म्हणतोय, चौघं जाऊ,” तो म्हणाला.

“ह्याला विचारा ना, मग सुट्टी नक्की कुणाची होणार?”

“तिला सांगा, मी फक्त मुलांसाठी म्हणत होतो.”

एकाच सोफ्यावर, हातभर अंतरावर बसले होते दोघं. मी म्हटलं, “मला नका सांगू. एकमेकांना सांगा.” दोघंही अडखळले. तिनं पर्स उघडली, बंद केली. त्यानं घड्याळ पाहिलं.

कुटुंबाकडे बघण्याची माझी पद्धत जुनीच आहे आणि मला ती अजून सोडावीशी वाटलेली नाही. एखाद्या मुलाचं पोट दुखत असेल, तर मी त्या मुलाइतकंच त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे बघते. सॅल्व्हडोर मिनुचिन आणि मरे बोवेन या कुटुंबांवर उपचार करणाऱ्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या शतकात हे फार स्पष्ट मांडलं: दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती नकळत तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि घरात हाताशी असलेलं तिसरं माणूस बहुधा मूलच असतं. थोरलं मूल, समजूतदार मूल, ज्याचं सगळे कौतुक करतात ते. म्हणून मी मुलीला भेटायला मागितलं. एकटीला.

सुरुवातीला ती शाळेबद्दल बोलली, गरब्यासाठी शिवलेल्या चणियाचोळीबद्दल बोलली. मग मी बोटीचा विषय काढला. तिला बोटीची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. किती मजले, पोहायचा तलाव कुठे, सगळं तिनं व्हिडिओत पाहिलं होतं.

“तुला भीती वाटते का, आई-बाबांना काही होईल अशी?”

“नाही. लाइफजॅकेट असतं. आधी सगळ्यांना शिकवतात.”

“मग आजीकडे कंटाळा येईल?”

“आजी मस्त आहे.”

“मग कसली काळजी वाटते?”

ती बराच वेळ खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं खरवडत होती. “तिथे टॉवर नसतो,” ती म्हणाली. “फोन लागत नाही.”

“तुला फोन करायचा असेल त्यांना.”

“मला नाही. त्यांना लागेल ना.” माझ्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही हे तिनं ओळखलं आणि धाकट्याला समजावतात तशा सुरात सांगितलं, “आई रागावली की बोलत नाही. मग बाबांना कळतच नाही. मी सांगते.”

“आणि बाबा रागावले की?”

“बाबा गच्चीत जातात. मग मी चहा घेऊन जाते. मग येतात खाली.”

“चहा तू करतेस?”

“मला गॅसला हात लावू देत नाहीत. आई करते. माझ्या हातात देते.”

आणि मग तिनं मला विचारलं, “बोटीवर गच्ची असते ना?”

असते, मी म्हटलं. मोठी असते.

“मग तिथे चहा कोण नेणार?”

समुपदेशकाला अशी वाक्यं वारंवार ऐकायला मिळत नाहीत. इतके आठवडे सगळं घर त्या मुलीच्या विरहाची काळजी करत होतं. ती मात्र आपली ड्युटी कोण सांभाळेल या काळजीत होती. तिचं पोट संध्याकाळीच का दुखायचं तेही उलगडलं. बाबांची शिफ्ट सुटायची, आई बँकेतून यायची, घरातलं हवामान कळायचं ते त्याच वेळी.

तिला विचारूनच मी हे तिच्या आई-बाबांना सांगितलं, शक्यतो तिच्याच शब्दांत. भांडणाचा भाग त्यांना अनपेक्षित नव्हता. चहाच्या वाक्यावर मात्र त्यानं मान वर केली.

“चहा तू पाठवतेस?” त्यानं पहिल्यांदाच थेट तिला विचारलं. “मला वाटायचं, आजी करून देते हिला.”

“तुझ्या आईला आलं चालत नाही. आल्याचा चहा या घरात दुसरं कोण करणार?”

“मग तू का नाही आलीस वर?”

“तू चहा घेऊन खाली यायचास. मला वाटायचं, तुला कळलंय.”

मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण दोन माणसं इतक्या दिवसांनी समोरासमोर बोलत असताना तिसऱ्यानं गप्प बसावं, हेच तर मला त्यांना शिकवायचं होतं.

त्या दिवशी मला जे दिसलं ते तेव्हापासून माझ्या कामाच्या मध्यभागी आहे. मुलं आई-बाबांची भांडणं वाहून नेतात, हे आपण सगळे म्हणतो. ती मायाही वाहून नेतात, हे कुणी म्हणत नाही. त्या घरात मुलगी पोस्टमन झाली होती, आणि पत्र पोचायचं पण पाठवणाऱ्याचं नाव वाटेतच पुसलं जायचं. त्याला वाटायचं, आपल्याला लेक सांभाळते. तिला वाटायचं, आपण केलेलं ह्याला दिसतच नाही. दोघंही प्रेमळ, दोघंही उपाशी. मधली नऊ वर्षांची मुलगी दोघांना पुरी पडायला बघत होती.

पुढच्या काही भेटींत मी त्यांना साधंच काम दिलं. घरातला कुठलाही निरोप मुलीमार्फत द्यायचा नाही. “बाबांना सांग जेवायला या” हेसुद्धा नाही. चहा न्यायचा तो आईनं स्वतः न्यायचा, आणि वर गेल्यावर समेट झालाच पाहिजे असं काही नाही. कप ठेवून परत आली तरी चालेल. आणि मुलीनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर रागवायचं नाही, इतकंच म्हणायचं: हे आमचं आम्ही बघतो, तू खेळ. मुलीला सुरुवातीला हे आवडलं नाही. मोठं काम हातातून गेलं की मोठ्या माणसालाही चुकल्यासारखं होतं. चार दिवस ती चिडचिडी झाली, धाकट्याला दोन धपाटे घातले. आईनं घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, उत्तम चाललंय. आणि तसंच निघालं. डबा रिकामा यायला लागला, रात्रीचं डोकावणं थांबलं.

मग ते गेले. बोटीवर पहिली संध्याकाळ अवघड गेली, असं दोघांनीही सांगितलं. सगळ्यांना गोळा करून सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, किनारा मागे पडला, फोनवरच्या रेंजच्या काड्या गेल्या, वायफायचे वेगळे पैसे होते ते त्यांनी भरले नाहीत. छोटीशी केबिन, आणि मुलांखेरीज बोलायला विषय सापडेना. दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या हप्त्यावरून जुनं भांडण निघालं. तो सवयीनं उठून डेकवर गेला. थोड्या वेळानं ती वर गेली, चहा न घेता, आणि शेजारी बसली. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, लहान होडक्यांतून अगत्ती बेटावर नेतात. त्या होडक्यात तिला मळमळलं तेव्हा त्यानं तिचं डोकं धरलं, हे तिनं मला आवर्जून सांगितलं. हप्त्याचा प्रश्न सुटला का? नाही. पण त्यावर ते बोलू लागले.

घरी आल्यावर थोरलीनं शंख-शिंपल्यांच्या आधी विचारलं, “भांडलात?” आई म्हणाली, “हो.” “मग?” “मग मिटलं.” “कुणी मिटवलं?” “आम्हीच.” यावर ती शिंपल्यांकडे वळली.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना तोच पडलेला असतो आणि सगळ्यांच्या घरात असा गुंता नसतो.

लहान मुलांबद्दलची भीती निराधार नाही. 1950 च्या सुमाराला लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या संशोधकांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या बाळांचं निरीक्षण केलं. तेव्हा आई-वडिलांना फार थोडा वेळ भेटू देत. मुलं आधी आकांत करत, मग गप्प होत, आणि पुढे आई आली तरी तोंड फिरवत. पण याच रॉबर्टसन यांनी पत्नी जॉइस यांच्यासोबत पुढे काही लहान मुलांना, त्यांच्या आया बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना, स्वतःच्या घरी सांभाळलं. मुलांशी आधी ओळख करून घेतली, त्यांच्या सवयी शिकून घेतल्या, आईचा विषय काढला. ती मुलं अस्वस्थ झाली, पण कोसळली नाहीत. दोन्हीकडे आई दूरच होती. फरक होता तो सोबतच्या माणसात. म्हणून तुम्ही किती रात्री जाता यापेक्षा मूल कुणाजवळ आणि कुठे राहतं, हे मी आधी विचारते.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर एखाद्या रात्रीपासून सुरुवात करा. मूल शक्यतो स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणात, रोजच्या माणसाजवळ राहू दे. आजी दुसऱ्या गावाहून आदल्या दिवशी येणार असेल, तर ती आजी असली तरी त्या बाळाला परकीच आहे. तिला आठवडाभर आधी बोलवा. पाचेक वर्षांच्या मुलाला तारखांपेक्षा झोपा कळतात: “इतक्या वेळा झोपून उठलास की आम्ही आलो.” आणि मूल झोपलेलं असताना किंवा शेजारी खेळायला पाठवून गुपचूप निघू नका. आपल्याकडे हे सर्रास करतात, रडारड टाळायला. रडणारं मूल अर्ध्या तासात सावरतं. फसवलं गेलेलं मूल पुढे महिनोन्महिने तुमच्या चपलांवर लक्ष ठेवतं.

मोठ्या मुलांना बेत सांगा, परवानगी मागू नका. “तू म्हणालीस तर नाही जात” हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, पण त्यानं आई-बाबांच्या आनंदाची जबाबदारी मुलाच्या डोक्यावर बसते. बोटीवर फोन लागणार नाही, हे आधीच सांगा. नाहीतर रोज रात्री नऊला फोन करू असं कबूल कराल आणि नेमकं त्याच वेळी समुद्रात असाल. रात्रीची गोष्ट आधीच रेकॉर्ड करून ठेवता येते.

आजी-आजोबांच्या हातात औषधं, डॉक्टरांचा नंबर आणि शाळेचा नंबर द्या. टीव्ही किती वेळ, भाजी कुठली, हे त्यांच्यावर सोडा. त्या दिवसांत मुलांनी रोज शेव-उसळ खाल्ली तरी काही बिघडत नाही.

काही वेळा मीच थांबा म्हणते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, मूल आजारातून उठलं असेल, शाळा किंवा घर नुकतंच बदललं असेल, किंवा ज्याच्याजवळ ठेवायचं त्याला मूल घाबरत असेल, तर तिकिटाचे पैसे बुडू देत.

आणि क्रूझच हवी असं मुळीच नाही. पावसाळ्यात तर मुंबईहून बोटी बंदच असतात, शिवाय एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही. पावागड इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. सकाळी निघून चांपानेरच्या मशिदी पाहून संध्याकाळी परत येता येतं. फक्त मुलांना सोबत नेऊ नका, आणि वाटेत एकमेकांशी बोलायचं सोडून त्यांना व्हिडिओ कॉलही लावू नका. दुपारपर्यंत विषय संपले तर घाबरून घराकडे वळू नका. तसंच बसून राहा, संध्याकाळपर्यंत काहीतरी निघतं.