सावंतवाडीकडे रानडुकरं भातात घुसतात. मॅच ग्रेड, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या गोळ्या मोठ्या जनावराला चालतील का?

नाही. टोकावरचं भोक बघून लोक फसतात. त्यांना वाटतं ही हॉलो पॉइंट, म्हणजे आत जाऊन फुलणार. मॅच गोळीचं जॅकेट (शिशावरचं तांब्याचं कवच) बुडाकडून टोकाकडे ओढतात, म्हणून टोकाला बारीक भोक उरतं. बूड एकसारखं राहिलं की नेम सुधारतो, एवढाच त्याचा उपयोग. गोळ्या बनवणारी सिएरा कंपनी स्वतःच सांगते की आपली मॅचकिंग ही मॅच गोळी शिकारीसाठी नाही.

जनावरात ती कशी वागेल याचा भरवसा नसतो. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर अडकते. दोन्ही वेळा जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरतं, आणि ते शोधायला जाणाऱ्याची खैर नाही. मोठ्या जनावराला सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) किंवा बॉन्डेड (शिसं कवचाला पक्कं जोडलेली) गोळीच हवी. कागदावरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, थोडा मोठा आला तरी बिघडत नाही.

आणि हो, शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. गवा तर त्या कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला, त्याच्या वाटेला जाऊच नका. नुकसानभरपाईसाठी आधी पंचनामा करून घ्या.